कान न हलवणारा घोडा

साहेब, आरोप तुमच्यावर आहे. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, तो अधिकारी कधीच बदलून गेला, आता खुर्चीत दुसरा आहे. खुर्चीत कोण बसलंय याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. जो हलत नाही तो शांत आणि जो बोलत नाही तो बरा, असं त्या खुर्चीनं ठरवून टाकलंय. आधी ते माणसांच्या बाबतीत ठरवलंत. तिथं कुणी हटकलं नाही, तेव्हा मुक्या जनावरांनाही तेच माप लावलंत. आणि त्याला तुम्ही उपचार म्हणता!

गाववाल्यांनो, तुम्हीही ऐका. टाळ्या काही एकट्या साहेबांनी वाजवल्या नव्हत्या.

आमच्या एन्त्रे रिओस प्रांतात, नदीच्या वरच्या अंगाला, निलगिरीच्या रांगेपलीकडे मनोरुग्णांची सरकारी वसाहत, म्हणजे कोलोनिया, आहे. लांबच लांब पसरलेली जमीन, मध्ये लाल कौलांच्या बराकी, आणि बराकींसमोरच्या बाकांवर बसलेली माणसं. आमच्याकडे पोर हट्टाला पेटलं की आई म्हणते, "गप्प बसतोस की टाकू कोलोनियात?" इतकंच आमचं त्या जागेशी नातं. आन्सेल्मो विलाल्बाचंही तितकंच होतं, त्याची स्वतःची पोर तिथं जाईपर्यंत.

आन्सेल्मो घोडे वठणीवर आणायचा. त्याच्या अंगणात न्यान्दुबायच्या लाकडाचा एक जाडजूड खांब रोवलेला होता. रानातून धरून आणलेलं तरणं जनावर त्या खांबाला आखूड बांधायचं आणि तसंच सोडून द्यायचं. ना पाणी, ना वैरण. जनावर ओढतं, उधळतं, आपटतं, मानेची कातडी सोलवटून घेतं. आन्सेल्मो सावलीत बसून वाळक्या भोपळ्यातला येर्बाच्या पानांचा कडू काढा नळीनं ओढत बघत राहायचा. मग कधीतरी दोर ढिला पडायचा. जनावर मान खाली घालून उभं राहायचं, जवळ कुणी गेलं तरी न हलता. तेव्हा आन्सेल्मो उठायचा, पँट झटकायचा आणि म्हणायचा, "आलं शेवटी ताळ्यावर!"

हे तो बापाकडून शिकला होता आणि बाप आजाकडून. "आन्सेल्मोच्या हातचा घोडा म्हणजे खुर्ची," असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून त्याची छाती फुगायची.

बायको सुल्मा लवकर गेली. मागं राहिली एकुलती एक यामिला. पोरगी मोठी झाली, शिकली, गावातल्या बेकरीत कामाला लागली; आणि मग काय बिनसलं देव जाणे, एका सकाळी कपड्यांनिशी नदीत चालत गेली. पहिल्या वेळी स्वतःच परत आली. दुसऱ्या वेळी कोळ्यांनी ओढून काढली. त्यानंतर तिला कोलोनियात ठेवली. तिथं तिला पलंग होता, गोळ्या होत्या, वेळच्या वेळी जेवण होतं. बोलणं मात्र बंद. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची.

गुरुवार भेटीचा दिवस. आन्सेल्मो टोपी हातात धरून बराकीच्या दारात उभा राहिला की नर्स पेर्ला म्हणायची, "या, या! तुमची यामिला म्हणजे सोनं आहे हो! बाकीच्यांनी माझा जीव खाल्लाय, कुणाला हे नको, कुणाला ते नको. हिला मात्र जिथं बसवली तिथं बसते."

आणि आन्सेल्मोला बरं वाटायचं! पोरगी मुकी झाली होती, पण शहाणी म्हणून नावाजली जात होती. बाप म्हणून त्याला तेवढाच आधार होता. बाहेर येऊन तो निलगिरीला डोकं टेकून रडायचा आणि पुढच्या गुरुवारपर्यंत घोडे खांबाला बांधत राहायचा.

अशात कोलोनियाच्या संचालकसाहेबांनी जाहीर केलं की इथं आता घोड्यांच्या सोबतीनं उपचार होणार. यात खोटं काही नाही, बरं का. घोड्याच्या अंगाची ऊब, त्याचा श्वास, त्याचं ते मोठं धूड आपल्या शेजारी निवांत उभं असणं, याने मोडलेलं मन सावरतं. असं होताना लोकांनी पाहिलंय. खोट होती ती घोडा निवडण्यात.

निवडीच्या दिवशी गावातले बरेच जण घोडे घेऊन आले. संचालकांनी परीक्षा ठरवली होती. घोड्याच्या कानाशी पत्र्याचा डबा बडवायचा, तोंडासमोर फाटकन छत्री उघडायची, आणि पोटाखालून प्लास्टिकचं पोतं फडफडवायचं. जो घोडा हलेल तो नापास.

एक तांबडी घोडी होती. तिला सोडली तर ती आपणहून बाकावरच्या एका म्हाताऱ्या रुग्णाकडे चालत गेली आणि त्याचा खिसा हुंगायला लागली. म्हातारा हसला. इतक्यात डबा वाजला. घोडी बाजूला उडाली, फुरफुरली, लांबून डब्याकडे पाहिलं आणि पुन्हा हळूहळू म्हाताऱ्याजवळ आली.

"नापास!" संचालक म्हणाले. "रुग्णाच्या पायावर पाय दिला असता तर?"

मग आला आन्सेल्मोचा तिसोन. कोळशाच्या रंगाचा, भरल्या अंगाचा. डबा वाजला, छत्री उघडली, पोतं फडफडलं. तिसोनचा कानसुद्धा हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संचालक म्हणाले, "हा बघा. याला म्हणतात शांत!"

गर्दीतून नोएमी पुढे आली. ही आमच्या भागाची जनावरांची डॉक्टर. गोरीपान, उन्हानं भाजून लाल झालेली, बोलायला तिखट. "साहेब, यानं कान का हलवला नाही?"

"कारण तो शांत आहे, डॉक्टरबाई."

"कानाशी डबा वाजला तर तुम्हीही दचकाल. शांत जनावर दचकतं आणि मग सावरतं. ती घोडी सावरली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हा दचकलाच नाही. तीच घोडी घ्या. तिला हळूहळू शिकवा, दमली की रजा द्या. हा घोडा नको."

"म्हणजे पास झाला म्हणून नापास करू?" संचालकांनी विचारलं, आणि सगळे हसले.

आन्सेल्मोला ते लागलं. तो म्हणाला, "डॉक्टरबाई, तुम्ही गाईच्या पोटात हात घाला. घोड्याचं माझ्यावर सोडा."

हशा आणखी वाढला. नोएमी हसली नाही. ती तिसोनच्या डोळ्यांकडे बघत होती.

आन्सेल्मोच्या चिडण्याला दुसरंही कारण होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. घोडा निवडला गेला तर घोड्यासोबत राखणदार म्हणून त्यालाही कोलोनियात येता येणार होतं. म्हणजे गुरुवारची वाट बघायला नको, पोर रोज नजरेसमोर. त्यासाठी त्यानं तिसोनलाच काय, स्वतःलाही खांबाला बांधून घेतलं असतं.

सुरुवातीला खरंच चमत्कार झाला. यामिलाला कुंपणापाशी आणून बसवायचे. काही दिवस ती नुसती बसली. मग एकदा उठली, तिसोनजवळ गेली आणि त्याच्या मानेला कपाळ टेकून उभी राहिली. दोघंही हलले नाहीत. आन्सेल्मो श्वास रोखून पाहत राहिला. त्यानंतर ती रोजच तशी उभी राहू लागली. आणि एका सकाळी, बापाच्या हातातल्या वस्तूकडे बघून, कोरड्या घशातून ती म्हणाली, "ब्रश."

एकच शब्द! आन्सेल्मोनं ब्रश दिला, खोगिरांच्या खोलीत गेला आणि मेंढीच्या कातड्यात तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडला. तो शब्द त्यानं सगळ्या गावाला सांगितला. खाटकाला सांगितला, पाद्रीबाबाला सांगितला, मेलेल्या सुल्मालाही सांगितला.

त्याच एका शब्दानं घात केला. संचालकांनी तो वर कळवला. मग दुसऱ्या बराकींतले रुग्ण आले, शहरातून विद्यार्थी आले, फोटो काढणारे आले. प्रत्येकाला तिसोन हवा होता. कुणी त्याच्या गळ्यात पडून रडायचं, कुणी त्याच्या पाठीवर बसून किंचाळायचं, कुणी आयाळ मुठीत धरून ओढायचं. ती आजारी माणसं, त्यांचा काय दोष! पण "आता पुरे" असं म्हणणारं तिथं कुणीच नव्हतं. सकाळी पाठीवर चढलेलं खोगीर अंधार पडू लागला की उतरायचं. मग तिसोन एकट्यानं आवारात उभा राहायचा. आजूबाजूला दुसरा घोडा नाही, लोळायला मऊ माती नाही. वैरण समोर तशीच पडून.

"काय घोडा आहे!" लोक म्हणायचे. "तक्रार म्हणून नाही!"

नोएमी एक दिवस बोलावल्याशिवायच आली. आन्सेल्मो कुंपणापाशी येर्बा करत होता. त्यानं रीतीप्रमाणे भोपळा तिच्या हाती दिला. तिनं एक घोट ओढला आणि तिसोनकडे मान केली.

"असा उभा कधीपासून राहतो?"

"असा म्हणजे?"

"भिंतीकडे तोंड करून."

"ऊन लागत असेल."

"ऊन दुसऱ्या बाजूला आहे, आन्सेल्मो."

आन्सेल्मोनं भोपळा परत घेतला. नोएमी आत गेली. तिनं खोगिराखाली हात घातला. पाठीवरची कातडी ओली, चिकट लागली. तिनं त्या जागेवर बोट दाबलं. तिसोननं मान वळवली नाही की पाय उचलला नाही.

"शेवटचा खिंकाळला कधी?"

"शहाणा घोडा खिंकाळत नाही."

"लोळला कधी? तुमच्या खिशाला नाक कधी लावलं?"

"बाई, तुम्हाला घोडा हवाय की कुत्रं?"

"मला जिवंत जनावर हवंय," नोएमी म्हणाली. "तुमच्या खांबानं याला एकच गोष्ट शिकवली, की ओढून काही होत नाही. हा ते पक्कं शिकला. आता पाठ सोलली तरी सांगत नाही, भूक मेली तरी सांगत नाही. याला तुम्ही शांत म्हणता. यानं आशा सोडलीय, आन्सेल्मो! हे जनावर आजारी आहे, आणि आजारी जनावराकडून तुम्ही आजारी माणसांची सेवा करून घेताय."

"माझी पोर याच्याजवळ बोलली!" आन्सेल्मोचा आवाज चढला. "तुमची घोडी नव्हती तिथं, हा होता!"

"बोलली, खरंय. याच्याजवळ का उभी राहते हे विचारलंत तिला?"

"ती काय सांगणार?"

"तेच म्हणतेय मी. तिलाही विचारायचं नाही आणि यालाही नाही. ऐका माझं. ज्याला निघून जायची मोकळीक आहे, त्यानं जवळ येण्याला किंमत असते. ती तांबडी घोडी म्हाताऱ्याजवळ गेली ती आपल्या पायांनी गेली. म्हणून तो हसला. जगात कुणीतरी आपणहून माझ्याकडे आलं, हे त्याला कळलं. औषध ते आहे! बांधून उभ्या केलेल्या जनावराला मिठी मारण्यात कसलं औषध?"

"माझी पोरगी आणि माझा घोडा एका दावणीला बांधू नका, बाई!"

"मी नाही बांधलं," नोएमी म्हणाली.

आन्सेल्मोनं भोपळ्यातला येर्बा जमिनीवर फेकला. आमच्याकडे यापेक्षा मोठा अपमान नाही. नोएमी निघाली, पण जाता जाता वळून म्हणाली, "याला आजच्या आज सुट्टी द्या. कुरणात सोडा, दुसऱ्या घोड्यांत. नाहीतर हा उभ्या उभ्या मरेल."

आन्सेल्मोला कळत नव्हतं असं नाही. नोएमीच्या हाताला लागलेली ती ओली जागा त्यानंही पाहिली होती. पण हिशेब सरळ होता. घोडा गेला की राखणदार गेला. राखणदार गेला की यामिला पुन्हा भिंतीशी. आणि भिंतीनंतर नदी. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याच्या खांद्यावर पाय देतो. आन्सेल्मोनं तिसोनच्या खांद्यावर दिला. जखमेवर चरबी चोळली, खाली जाड घोंगडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोगीर कसलं.

मग तो दिवस आला. राजधानीतून मोठी माणसं येणार होती. आवारात मंडप घातला, एका बाजूला निखाऱ्यांवर मांस भाजायला लावलं, धुरानं बराकी भरून गेल्या. संचालकांनी आन्सेल्मोला बाजूला घेतलं. "तुमची मुलगी घोड्यावर बसून सगळ्यांसमोरून एक फेरी मारेल. तिच्यामुळंच तर हे सगळं उभं राहिलंय."

"ती कधी बसलेली नाही, साहेब. नुसती जवळ उभी राहते."

"मग आज बसेल. ती काही नाही म्हणणाऱ्यातली नाही."

पेर्लानं तिला नवा झगा घातला, केस विंचरले. यामिला कुंपणापर्यंत आली आणि थांबली. कुंपणाच्या आडव्या दांडीभोवती तिनं बोटं आवळली. तोंडातून शब्द नाही, चेहऱ्यावर काही नाही. फक्त बोटं.

"चल, पोरी," आन्सेल्मो म्हणाला. "लोक थांबलेत."

बोटं सुटेनात. मग त्यानं ती स्वतःच्या हातांनी सोडवली, एकेक करून. फार जोर लावावा लागला नाही. तिला उचलून त्यानं तिसोनच्या पाठीवर बसवलं.

टाळ्या वाजल्या. तिसोन निघाला. मंडपासमोर आला, आणि तिथं त्याचे पुढचे गुडघे सावकाश दुमडले. मग मागचे. ना ठोकर, ना आवाज. जुनं घर खचावं तसा तो खाली बसला आणि एका कुशीवर कलंडला. यामिला घसरून गवतावर पडली. तिला लागलं नाही. टाळ्या थांबल्या.

"उठवा त्याला!" संचालक दातांतल्या दातांत पुटपुटले. "आन्सेल्मो, लोक बघताहेत. उठवा!"

आन्सेल्मोनं लगाम ओढला. तिसोन उठला नाही. पुन्हा ओढला. घोड्याचं डोकं ओढीसरशी पुढं आलं आणि सोडल्यावर मातीत पडलं. आन्सेल्मोनं कमरेचा चाबूक काढला आणि हात वर नेला.

"नको!"

आवाज कुठून आला हे क्षणभर कुणालाच कळलं नाही.

"नको, पापा! मारू नका!" यामिला गवतावरून उठली होती. तिनं तिसोनच्या मानेवर स्वतःला झोकून दिलं होतं. "तो नको म्हणतोय! कधीचा म्हणतोय, तुम्हाला ऐकू येत नाही! मलाही बसायचं नव्हतं! मी दांडी धरली होती, तुम्ही माझी बोटं सोडवलीत! मी शांत नाहीये, पापा! तोही नाहीये! आम्ही दोघं नुसते उभे असतो!"

काय हा क्षण! जी पोरगी महिनोन् महिन्यांत एका शब्दापलीकडे बोलली नव्हती, ती भरल्या मंडपासमोर ओरडत होती! आन्सेल्मोचा वर गेलेला हात तिथंच थांबला. त्याला आपल्या अंगणातली सगळी जनावरं दिसली, मान खाली घातलेली, दोर ढिला पडलेली. प्रत्येक वेळी तो उठला होता, पँट झटकली होती आणि म्हणाला होता, आलं ताळ्यावर! चाबूक त्याच्या हातातून गळून पडला. तो गुडघ्यांवर बसला, तिसोनच्या तोंडातली लोखंडी कडी काढली, पट्टे सोडले, खोगीर उचललं. घोंगडी कातडीला चिकटली होती. ती सुटली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडं फिरवली.

"बोल, पोरी," तो म्हणत होता. "बोल, आणखी बोल! मी ऐकतोय गं!"

पण तोपर्यंत पांढरे कोट धावत आले होते. "रुग्ण बिघडली!" संचालक ओरडले. "आवरा तिला!"

"बिघडली नाही!" आन्सेल्मो किंचाळला. "ती बोलतेय! ऐका की! ती बोलतेय!"

दोघांनी त्याला धरलं. पेर्लानं यामिलाच्या दंडात सुई टोचली. "नको, नको," असं यामिला म्हणत राहिली, मग जीभ जड झाली, मग शब्द अर्ध्यावर तुटू लागले, आणि शेवटी नुसतं तोंड हललं. तिला उचलून नेली. संचालकांनी पाहुण्यांकडे वळून सांगितलं, "काळजी नको. आता ती शांत होईल."

भाजलेलं मांस वाढलं गेलं. लोकांनी खाल्लं.

तिसोनजवळ दोघंच राहिले, आन्सेल्मो आणि नोएमी. कुणी ओढलं नाही, मारलं नाही. ऊन उतरल्यावर तो आपल्या वेळेनं उठला. नोएमीनं त्याला आपल्या कुरणात नेलं. तिथं आता तो गवत खातो, दुसऱ्या घोड्यांपासून लांब राहून. बरा होईल का, विचारलं तर नोएमी म्हणते, माहीत नाही. आन्सेल्मोकडे लोक शिंगरं घेऊन आले तेव्हा त्यानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. "माझ्या हातून हे व्हायचं नाही," एवढंच म्हणाला. "मला वाटायचं मी घोडे शिकवतो. मी त्यांची जीभ कापत होतो."

पुढच्या गुरुवारी त्याला पोरीला भेटू दिलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "अस्वस्थ आहे, औषध वाढवलंय, शांत झाली की या." शेवटी एकदा आत सोडलं. यामिला भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"बघा," पेर्ला म्हणाली, "अगदी पहिल्यासारखी झाली!"

आन्सेल्मो तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिची बोटं हातात घेतली. ती बोटं कशालाच धरत नव्हती. "यामिला," तो म्हणाला, "मला नको म्हण. चालता हो म्हण. शिवी दे. पोरी, काहीही म्हण गं!"

तिच्या ओठांच्या कडेनं लाळ ओघळली. त्यानं ती बाहीनं पुसली.

तो बाहेर आला तर आवारात घोड्यांची रांग लागलेली. नव्या घोड्याची निवड! संचालक हजर, डबा हजर, छत्री हजर. गावातली माणसं हसतखिदळत उभी. आन्सेल्मो रांगेसमोर जाऊन उभा राहिला.

"काय रे, आणखी एक घोडा द्यायला आलास?" कुणीतरी टोमणा मारला.

"घोडे घरी न्या," आन्सेल्मो म्हणाला. "माझा सगळ्यांत शांत होता, म्हणून निवडला. काय झालं ते तुम्ही पाहिलंत. घोडा निवडायचाच असेल तर जो आपणहून माणसाजवळ येतो तो निवडा. त्याला निघून जायला दार उघडं ठेवा. तो दमला की काम थांबवायचं, आणि थांबवायचा हक्क डॉक्टरबाईंना द्या, पाहुण्यांची वाट बघणाऱ्याला नको. घोड्याला जोडीदार द्या, कुरण द्या. आणि माझ्या पोरीसारख्यांना आधी विचारा, जवळ जायचंय का. नको म्हणाली तर नको! जिथं जनावराचं नको ऐकलं जात नाही, तिथं आजाऱ्याचंही ऐकलं जात नाही. हे मला पोर गमावून कळलं. तुम्ही फुकटात शिका."

तांबड्या घोडीच्या मालकानं लगाम वळवला आणि तो निघाला. त्याच्यामागं आणखी काही जण निघाले. काही थांबले. घोडा निवडला जाण्याचा मान मोठा असतो आमच्याकडे.

आन्सेल्मो संचालकांकडे वळला. टोपी डोक्यावरच होती. "साहेब, एक विचारायचंय. त्या दिवशी मंडपासमोर माझी पोर नको म्हणाली. मारू नका म्हणाली. मला बसायचं नव्हतं म्हणाली. त्या वेळी ती आजारी होती की बरी?"

"तुम्हाला ते समजणार नाही."

"म्हणून तर विचारतोय."

"हा वैद्यकीय प्रश्न आहे."

"मग वैद्यकीय उत्तर द्या!"

संचालक आत गेले आणि दार लावून घेतलं.

साहेब, ते दार तुमच्याच खात्याचं आहे. आत बसून तुम्ही नवा घोडा निवडाल, नवे पाहुणे बोलवाल, नवी सुई भराल. आम्ही साधी माणसं आहोत, पण एवढं आता आम्हाला कळलंय. जिवाला नको म्हणता येणं हीच त्याच्या तब्येतीची पहिली खूण आहे, मग तो जीव दोन पायांचा असो की चार. ती खूण दिसली की तुम्ही तिला सुईनं पुसता. आन्सेल्मो विलाल्बा त्या बंद दारासमोर उभा आहे, आणि आत एक पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली आहे. ती नको म्हणाली तेव्हा आजारी होती, की आता आजारी आहे? तिला गप्प कुणी केलं, आणि कशासाठी?

उत्तर द्या, साहेब!